हरणावरचे दोन बार

माझ्या बापाच्या बंदुकीची दारू शिपायानं चिखलात ओतली, तेव्हा फौजदार चहात बिस्कीट बुडवत होता.

हे चाललं होतं, आम्ही ज्याच्या रानात राबायचो त्या मालकाच्या दारात. त्याचं घर नवं होतं. गावातलं पहिलं स्लॅबचं. गच्चीवरच्या पाण्याला पाइप काढलेला, आणि त्या पाइपाची धार ओट्याच्या पायथ्याशी पडायची. त्या धारेखाली माझ्या बापाला, आबांना, उकिडवं बसवलं होतं. जागा बोटानं दाखवून. "तिथं बस." सज्ज्याखाली अलीकडं कोरडं होतं. पलीकडंही कोरडं होतं.

"सायेब, ती दारू पाडू नका," आबा म्हणाले. "पाणी अजून चढतंय. उतरलं म्हंजी लोकान्ला खाली यायचा बार द्यावा लागंल."

फौजदार मालकाकडं वळला. "बार द्यावा लागेल म्हणे! यांच्या जातीच्या हातात बंदूक दिली कुणी हो?"

"निजामाच्या टायमाची खैरात हाय सायेब," मालक म्हणाला. "किसन्या, उलटं बोलू नगंस. गप द्यायची."

आबा मालकापेक्षा वयानं मोठे होते. मालकाच्या लग्नात त्यांनी रात्रभर हलगी वाजवली होती. तरी किसन्या.

दारूची पिशवी रिकामी झाली. काळं पाणी आबांच्या पायाखालून वाहत गेलं. बंदूक मात्र त्यांच्या हातातून सुटत नव्हती. शिपाई ओढत होता, आबांनी नळी छातीशी धरली होती. फौजदाराची भुवई वर गेली. आता कमरेचा पट्टा निघणार, हे मला दिसलं.

मी पुढं झालो. आबांची बोटं मीच सोडवली. एकेक करून.

"द्या आबा. सायेब चिडत्याल."

बंदूक मी दोन्ही हातांवर आडवी धरली आणि ओट्याच्या कडेवर ठेवली. ओट्यावर चढायची आम्हाला मुभा नव्हती, म्हणून कडेवर.

"पोरगं शाना हाय," मालक म्हणाला.

मला बरं वाटलं. हे लिहिताना तोंडात घाण येते. पण तेव्हा बरं वाटलं होतं, ते मी लपवणार नाही. मी काही लहान नव्हतो. पंचविशीतला, लग्न झालेला, चार हंगाम ऊस तोडून आलेला गडी होतो. दहावीपर्यंत शिकलेला होतो. आणि बापाच्या मुठी सोडवल्याबद्दल शाबासकी मिळाली म्हणून मला बरं वाटलं.

आमचा मांगवाडा नदीच्या अगदी काठाला. गाव वर, आम्ही खाली. पाणी आलं की पहिलं आमच्याकडं. मांगवाड्याच्या मागं जुन्या पांढरीचं, उठून गेलेल्या गावठाणाचं टेकाड होतं, तेवढीच आमची सुटका.

आबा शिवाराचे राखणदार. रानडुकरं ज्वारीत घुसायची, त्यासाठी आमच्या आज्याला ठासणीची बंदूक मिळाली होती. पुढून दारू भरायची, चिंधी कोंबायची, गजानं ठासायची, मग एक बार. परवाना पीक राखणीचा होता. पण माणसं डुकरांपेक्षा वेगळ्याच कारणासाठी त्या बंदुकीला मानायची. दसऱ्याला मांगवाड्यातल्या सगळ्या बाया तिला हळदकुंकू लावायच्या. कारण पाण्याचा बार तिचा होता.

रीत आज्यापासूनची. पावसाळ्यात आबा वरच्या वळणावर जाऊन नदी बघायचे. पाणी अंगावर येणार असं दिसलं की एक बार. एक बार झाला की हातातलं टाकून टेकाडावर चढायचं. मग वाट बघायची. पाणी उतरलं की आबा एकामागं एक दोन बार काढायचे. दोन बार झाले की खाली यायचं. नदी डोळ्यांना काहीही दाखवो, दोन बार होईपर्यंत कुणी उतरायचं नाही. आणि दोन बार झाल्यावर कुणी शंका घ्यायची नाही. हलगीचं कातडं पावसात भिजून सैल पडतं, आवाज देत नाही. माणसाचा आवाज नदीपुढं टिकत नाही. बंदूकच ऐकू यायची.

त्या दिवशी दिवस उगवताना आबांनी एक बार काढला होता. सगळा मांगवाडा टेकाडावर चढला. माझी बायको, पोरं, आई, आणि माझी आत्या. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती आमचीच झाली. आई शेतावर जायची, मला आत्यानंच वाढवलं. तिला एक शेळी होती, आठवड्यापूर्वी व्यालेली. गडबडीत शेळी आणि तिची पिल्लं खोपटातच राहिली. आत्या टेकाडावर बसून तेच तेच बोलत होती, असं बायकोनं नंतर सांगितलं.

तोच एक बार फौजदारानं ऐकला. तो जीपमधून आमच्याच गावाकडं येत होता. जिल्हाभर पूर होता, तालुक्याच्या गावात दुकानं फुटल्याची आवई उठली होती, आणि परवान्याची सगळी हत्यारं ताब्यात घ्या असा वरून हुकूम होता. त्यानं जीप नदीकडं वळवली. आबा आणि मी काठावरच होतो. तिथूनच आम्हाला मालकाच्या घरी नेलं. टेकाडावरच्या लोकांना काही कळलं नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की किसन वर बसलाय आणि बंदूक त्याच्याजवळ आहे.

सगळी हत्यारं, असा हुकूम होता.

मालकाची दुनळी बंदूक आत खुंटीला होती. दारातून दिसत होती. तेल लावलेली, पट्टा नवा. फौजदारानं ती पाहिली. मीही त्याला पाहताना पाहिलं.

"तुमची राहू द्या," तो मालकाला म्हणाला. "गावाला कुणीतरी राखण हवीच की."

गावाची राखण करणारा माणूस पाइपाच्या धारेखाली बसला होता.

तोवर पूल पाण्याखाली गेला. जीप अडकली. फौजदाराला मुक्काम पडला. आबांना कडब्याच्या खोलीत कोंडलं, रस्ता मोकळा झाला की ठाण्यात नेतो म्हणाले. गुन्हा काय, तर मनाई असताना बार काढला. मनाई आबांना सांगायला आधी कोण आलं होतं?

मला कामाला लावलं. मालकानं त्या साली परदेशी पेयाची एजन्सी घेतली होती. देशाचं दार उघडलं म्हणून टीव्हीवर सांगायचे, आमच्या गावात त्या दारातून पहिली आली ती काळ्या पाण्याची क्रेटं. ती गोदामातून ओट्यावर आणायची. लाईट गेलेली, त्यामुळं बाटल्या गरम. फौजदारानं एक प्यायली, तोंड वाकडं केलं आणि दुसरी मागितली. मी उघडून दिली. आत बाप कोंडलेला आणि मी बाटल्या उघडत होतो. माझ्या मनात काय चाललं होतं सांगतो. मी विचार करत होतो, नीट वागलो तर सोडतील.

दुपार कलली तसा पाऊस थांबला. नदी मात्र फुगतच होती. धाकला मालक, मालकाचा पोरगा, माझ्याच वयाचा, गच्चीवर उभा होता. तिथून तो ओरडला, "पप्पा, हरीण!"

पुराच्या पाण्यात उसाच्या रानाचा उंचवटा तेवढा वर राहिला होता. त्यावर एक हरीण अडकलं होतं. चारी बाजूंनी पाणी. ते जागच्या जागी फिरत होतं. पळायला जागाच नव्हती.

"सायेबाच्या जेवणाची सोय झाली बघा," मालक म्हणाला.

फौजदार हसला. "नशिबात असेल तर मिळेल."

धाकल्यानं खुंटीवरची दुनळी घेतली आणि डिश अँटेनाला टेकून नेम धरला. पहिला बार चुकला. हरीण उडालं. दुसरा लगेच. ते खाली पडलं.

दोन बार.

कडब्याच्या खोलीचं दार आतून धडधडायला लागलं. आबा ओरडत होते. "आरं, म्या न्हाई वाजिवले! लोक उतरत्याल! पोरा, पळ! पळ, सांग त्यान्ला!"

मी ओट्याखालून म्हणालो, "मालक, दोन बार म्हंजी पाणी उतरलं, असं हाय आमच्यात. लोक खाली येत्याल."

धाकला गच्चीवरून खाली आला. हसत होता. "काय येडी जमात हाय बे तुमची! समोर नदी दिसती न्हाई का त्यान्ला?"

"मी जाऊन येतो."

"कुठं जातो? हरीण वाहून जाईल. ते आण आधी."

मालक खालच्या आवाजात बोलला. त्याला माणसं ओळखता यायची. "हरीण आण. सायेब खूश झाला म्हंजी तुज्या बापाला सोडायला लावतो. मग जा की. कोन धरलंय तुला?"

मी हरीण आणायला गेलो.

गेलो. आबा आतून ओरडत होते आणि मी कंबरेला दोर बांधून पाण्यात उतरलो. छातीएवढं पाणी, ओढ जबरदस्त. उंचवट्यावर पोचलो तेव्हा हरीण अजून जिवंत होतं. त्याचा डोळा माझ्याकडं होता. मी त्याचे पाय बांधले. ओढत आणलं. ओट्याच्या कडेवर ठेवलं. त्याच कडेवर. मग पळालो.

टेकाडावर निम्मी माणसं होती. पाणी अजून खोपटांत शिरलं नव्हतं, बाकीची खाली उतरून घरातलं पीठमीठ, पांघरुणं काढत होती. आत्या सगळ्यांत आधी उतरली होती. बायकोनं तिला अडवलं होतं. "बार लई लागोपाट झाले आत्या, आबान्ला भरायला येळ लागतो," ती म्हणाली होती. आत्या म्हणाली होती, "आज किसनानं लौकर भरली. शेळीची काळजी त्याला बी हाय."

मी ओरडलो. सगळे उलटे पळाले. वरच्या तलावाचा बांध त्याच सुमारास फुटला असावा, कारण पाणी चढलं नाही, आलं. तपकिरी भिंतीसारखं आलं. आत्या खोपटाच्या दारात होती. दोन पिल्लं काखेत. तिनं माझ्याकडं बघितलं, हे मी बघितलं. मग दार नव्हतं आणि आत्या नव्हती.

हरीण ओढायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी टेकाडावर दोनदा जाऊन आलो असतो.

रात्री मालकाच्या घरून पातेलं आलं. पूरग्रस्तांना मालकाकडून भाकरी आणि रस्सा. गड्यानं तसं मोठ्यानं सांगितलं. पोरं सकाळपासून उपाशी. ती तुटून पडली. माझ्या पोरानं बोटं चाटली. मी टेकाडाच्या मागं जाऊन ओकलो. पोटात काही नव्हतं, तरी ओकत राहिलो. ते हरणाचं मांस होतं. साहेबांचं जेवण झाल्यावर उरलेलं. आत्याचा जीव घेणाऱ्या गोळ्यांचं मांस त्यांनी आम्हालाच वाढलं, आणि वर उपकार.

आत्या दुसऱ्या दिवशी खालच्या बाभळींत सापडली.

आबांना ताकीद देऊन सोडलं. बंदूक दिली नाही. आबांनी मला एवढंच विचारलं, "तू पळाला न्हवतास का लगीच?" मी म्हणालो, "पळालो, आबा." माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

रस्ता सुरू झाल्यावर तहसीलदार चौकशीला येणार होते. आदल्या संध्याकाळी मालकानं मला बोलावलं. पहिल्यांदाच ओट्याच्या पायरीवर बसायला सांगितलं.

"आमी धोक्याचे बार काढले, फौजदार सायबांनी सांगितल्यावर. म्हातारी ऐकली न्हाई, खाली गेली. एवढंच सांगायचं. तू शिकलेला, तुजं ऐकत्याल. मांजरसुंब्याला ढाब्यांजवळ आमचा नवा पेट्रोल पंप निघतोय. तिथं लावतो तुला. ऊस तोडून हात कशाला फाडून घेतो?"

मी मान हलवली. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मान हलवली. आमच्या मानेला ती सवय आहे.

घरी आलो. घर कुठलं, उभ्या केलेल्या चार बांबूंवर ताडपत्री. आबा आत्याच्या लुगड्याची घडी घालत बसले होते. चिखल निघत नव्हता. ते पुन्हा पुन्हा झटकत होते, पुन्हा घडी घालत होते. मी बघत राहिलो. आणि मला माझीच किळस आली. मालकाची नंतर आली, फौजदाराची त्याहून नंतर. आधी माझी. त्या पायरीवर बसलेल्या माझ्या बुडाची किळस आली.

दुसऱ्या दिवशी चावडीत खुर्च्या मांडल्या. तहसीलदार, फौजदार, मालक खुर्चीवर. गाव उभं. आम्ही बाहेर, पायऱ्यांखाली.

मालकानं सांगून टाकलं. धोक्याचे बार, अडाणी लोक, दैव. तहसीलदारानं मान डोलावली. मग मला पुढं केलं.

"ऐकलेस का बार?" तहसीलदारानं विचारलं.

"ऐकले. बघितले बी."

"धोक्याचे होते ना?"

"न्हाई सायेब. धाकल्या मालकानं हरणावर टाकले. गच्चीवरनं. सगळी हत्यारं जमा करायचा हुकूम होता. आमची बंदूक जमा झाली, त्यांची खुंटीला ऱ्हायली. फौजदार सायेब ओट्यावर बसून बघत होते. रात्री त्यांनीच खाल्लं."

फौजदार उठला. "ए, थोबाड सांभाळ. तुझ्याकडं पुरावा काय?"

पुरावा. मी तोवर तेवढंच बोलणार होतो. पुढचं बोलणार नव्हतो. आबा मागं उभे होते, आई होती, बायको होती, सगळा मांगवाडा होता. पण पुरावा एकच होता, आणि तो माझ्याजवळ होता.

"हरीण मी आणलं," मी म्हणालो. "मला म्हाईत होतं लोक उतरत्याल. आबा आतून वरडत होते. मी आधी हरीण आणलं, मग गेलो. माज्या अंगावर दोराचे वळ हायेत." सदरा वर करून दाखवले.

मागं कुणीतरी हुंदका दिला. बायको असावी. मी वळलो नाही. वळलो असतो तर बसलो असतो.

मग आबा पुढं आले. पायरी चढले. चावडीची पायरी माझ्या बापानं त्या दिवशी पहिल्यांदा चढली. माझ्याकडं बघितलं नाही.

"सायेब, ह्यानं सांगितलं ते ल्ह्या. त्यांचं ल्ह्या. आन् ह्याचं बी ल्ह्या."

तहसीलदारानं पेनाचं टोपण लावलं. लिहिलं काहीच नाही. चहा आला. आम्हाला हाकललं. त्याच दिवशी फौजदारानं मला ठाण्यात नेलं. तिथं जे झालं ते सांगून मला दया नको आहे. परत आलो तेव्हा मालकाच्या शिवारात आम्हाला काम बंद होतं, विहिरीवर पाणी बंद होतं. दसऱ्यानंतर आबा आणि मी टोळीबरोबर ऊस तोडायला गेलो. सबंध हंगामात आबा माझ्याशी मोळीपुरतं बोलले. "बांध." "उचल." मला तेवढंच मिळायला हवं होतं.

पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा चढली. पुन्हा जीप आली. फौजदार नवा होता, हुकूम तोच. आमच्याकडं बंदूक राहिली नव्हती, म्हणून या वेळी म्हणाले, कोयते जमा करा. ऊसतोडीचे कोयते. पुरात चोऱ्या होतात म्हणे. बाया घराघरांतून कोयते काढून आणायला लागल्या. एक म्हातारा तर हसत हसत पुढं आला, साहेब खूश व्हावा म्हणून. त्याच्या त्या हसण्यात मला माझं तोंड दिसलं.

मी वाटेत आडवा उभा राहिलो.

"हुकूम सगळ्यान्ला हाय का?" मी विचारलं.

"सगळ्यांना."

"मग आधी वर जावा. स्लॅबच्या घरात खुंटीला दुनळी हाय. ती जीपमधी ठेवा. आमी हितं उभं ऱ्हातो, आमाला दिसू द्या. मग कोयते."

त्यानं मला ढकललं. मी पुन्हा उभा राहिलो. मागून बायको आली, हातात कोयता घेऊन, आणि माझ्या शेजारी उभी राहिली. मग आबा. मग दोघंतिघं. जीप थोडा वेळ तशीच गुरगुरत राहिली आणि वळून गेली. दुनळी त्यांनी नेली नाही. कोयतेही नेले नाहीत.

आता माझे केस पिकले. आबा गेले. जाताना त्यांनी मला माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही, आणि मी विचारलंही नाही. माफी मागायला मी हे लिहीत नाही. ज्या हातांनी बापाची बोटं सोडवली आणि हरणाचे पाय बांधले, ते हात धुऊन निघणार नाहीत. मला ते धुवायचेही नाहीत.

पण ज्या घराला हुकूम लागू होत नाही, त्या घराच्या ओट्यावर बसून जो हुकूम सोडला जातो, तो मी पाळणार नाही. माझ्या माणसांना पाळू देणार नाही. कुणी माझ्या घरातली काडीही जमा करायला आला, तर मी आधी त्याच्याबरोबर वर चालत जाईन आणि वरचं पहिलं खाली आणायला लावीन. नाही आणलं, तर त्यानं माझ्या अंगावरून जावं.

मी बाजूला सरकणार नाही.